घरापुरते शब्द

प्रत्येक सुशिक्षित घरात दोन कोश असतात. एक छापलेला. तो फडताळात असतो आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत खाली उतरतो. दुसरा कोणी लिहिलेला नसतो, तरी तो दिवसातून शंभर वेळा उघडला जातो. त्यातील शब्द उंबरठ्याच्या आत बिनतक्रार चालतात आणि उंबरठा ओलांडताच खोट्या नाण्यासारखे परत येतात. भाताच्या करपलेल्या खरवडीला कोठे वेगळेच नाव असते. वेळीअवेळी येऊन तासन्‌तास बसणाऱ्या पाहुण्यासाठी एखादे गुप्त संबोधन असते. धाकट्या मुलाने दीड वर्षाचा असताना उच्चारलेला एखादा मोडका शब्द तो चाळिशीला आला तरी ताटावर तसाच वाढला जातो. व्याकरणकार या शब्दांची दखल घेत नाहीत. शिक्षक दखल घेतात ती बहुधा तांबड्या शाईने. तरीही या शब्दांकडे जरा थांबून पाहिले, तर त्या घराचा इतिहास, भूगोल आणि नातेसंबंध यांचा एक अस्सल दस्तऐवज त्यांत सापडतो.

या कोशातील पहिली पाने बाळाच्या पाळण्यापाशी लिहिली जातात. मंमं, दुदू, भुर्र, जोजो, बाऊ, भूभू, माऊ, हम्मा, जेजे हे शब्द मूल स्वतः निर्माण करते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हे शब्द मोठी माणसे मुलाच्या तोंडी घालतात, आणि त्यांच्या तोंडी ते त्यांच्या आज्यांनी घातलेले असतात. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६४ साली सहा भाषांतील बालबोलीची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या जोडीला सहावी भाषा मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठी बालबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. सोपी अक्षरे, त्यांची द्विरुक्ती आणि मोजकेच अर्थ, अशी या शब्दांची घडण असते. परंपरेने चालत आलेला तो भाषेचाच एक भाग आहे, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणजे मांडीवरच्या नातवाला ‘गाई गाई कर’ म्हणणारी आजी भाषा बिघडवीत नसते. भाषेचा एक जुना ठेवा ती पुढच्या हाती देत असते.

पाळण्यापासून पुढे आले की नात्यांची संबोधने लागतात, आणि येथे मराठी घराचे एक वैशिष्ट्य दिसून येते. कित्येक घरांत मुले स्वतःच्या आईला ‘वहिनी’ म्हणतात आणि वडिलांना ‘भाऊ’, ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणतात. परक्या माणसाला हे ऐकून कोडे पडते. त्याचा उलगडा सोपा आहे. एकत्र कुटुंबात धाकटे दीर आणि नणंदा त्या बाईला वहिनी म्हणून हाक मारीत. वाढत्या मुलाच्या कानी तेच पडे, आणि त्याने तेच उचलले. पुढे वाडा गेला, दीर-नणंदा चार गावी पांगल्या आणि ते मूल दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढून मोठे झाले, तरी ‘वहिनी’ हा शब्द राहिला. त्या एका हाकेत मोडलेल्या वाड्याची अख्खी रचना शिल्लक असते. घराचे कागदपत्र वाळवीने खाल्ले तरी ही नोंद पुसली जात नाही.

काही शब्द घरात येतात ते भीतीपोटी किंवा मर्यादेपोटी. बांगडी फुटली असे म्हणावयाचे नाही, ती ‘वाढली’. दिवा विझला नाही, तो ‘शांत झाला’. डब्यातील तांदूळ संपले नाहीत, तेही ‘वाढले’. निघताना ‘जातो’ म्हणावयाचे नाही, ‘येतो’ म्हणावयाचे. रात्रीच्या वेळी सापाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याला ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावयाचे. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही, म्हणून ‘इकडची स्वारी’, ‘तिकडून’, ‘अहो’ असे आडवळणाचे शब्द आले. ज्या घरी सासऱ्यांचे नाव गुलाबराव, त्या घरच्या जुन्या सुनेला गुलाबाचे फूलसुद्धा नावाने मागता येत नसे. ती ‘ते तांबडे फूल’ म्हणे, आणि पुढे नातवंडेही कारण न कळता तसेच म्हणू लागत. कारण विस्मरणात गेले तरी शब्द मागे उरतो, असा या कोशाचा नियमच आहे.

काही शब्दांचा हेतू लपविण्याचा असतो. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी ही जुनी नावे सर्वांना ठाऊक आहेत. बोटांनी किंवा डोळ्यांनी बोलावे आणि तिसऱ्याला कळू नये, अशी ती युक्ती. व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकासमोर भावाचे आकडे बोलण्यासाठी नंदभाषा केली. मुलींनी परसदारी ‘च’ची भाषा केली. त्या भाषेत शब्दाचे पहिले व्यंजन शेवटी टाकतात आणि त्याच्या जागी ‘च’ बसवितात, म्हणजे ‘मी घरी जाते’ याचे ‘चीम चरीघ चातेज’ होते. इंग्रजांच्या घरांत पाहुणे जास्त आणि पदार्थ थोडा अशी वेळ आली की ‘एफ. एच. बी.’ ही तीन अक्षरे हळूच उच्चारली जात. घरच्यांनी हात आखडता घ्यावा, असा त्यांचा अर्थ. मराठी घरांत हेच काम आईचा एखादा ठरलेला प्रश्न करतो. ‘तुला आज भूक नव्हती ना?’ एवढे ऐकले की शहाणी मुले दुसऱ्यांदा श्रीखंड मागत नाहीत.

मुलांपासून काही लपवावयाचे असले की आईवडील सहसा दुसऱ्या भाषेचा आश्रय घेतात. बेळगावात ती कानडी असते, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत उर्दू, गोव्यात एके काळी पोर्तुगीज आणि आता बहुतेक ठिकाणी इंग्रजी. आपल्याविषयी काही बोलले जात आहे हे मुलांना लगेच समजते, आणि मग ती भाषा ती ज्या तत्परतेने शिकतात ती तत्परता शाळेतील कोणत्याही तासाला दिसत नाही. घरात उसन्या शब्दांची आवक सुरू होण्याचा हा एक मार्ग आहे. परंतु त्याहून मोठा मार्ग शेजाराचा, बाजाराचा आणि स्वयंपाकघराचा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या तो विशेष परिचयाचा आहे.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर जी घराणी बडोद्यास गेली, त्यांच्या घरी भाजीला ‘शाक’ आणि मकरसंक्रांतीला ‘उत्तरायण’ म्हणण्याची सवय लागली तर त्यात नवल नाही. तेथे ‘चकली’ या एका शब्दाची मोठी मौज होते. मराठी घरात चकली कढईत तळली जाते, तर गुजरातीत चकली म्हणजे चिमणी, आणि नळाच्या तोटीलाही चकलीच म्हणतात. ‘चकली बंद कर’ ही आज्ञा पुण्याहून नुकत्याच आलेल्या सुनेला कशी समजावी? इंदूर-ग्वाल्हेरकडे शिंदे-होळकरांच्या काळापासून वसलेल्या घरांत गंमत आणखी निराळी आहे. तेथे अक्षरे तीच असतात आणि अर्थ फिरतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नव्याचा शोध, हिंदीत दुरुस्ती. मराठीत ‘राजीनामा’ देऊन माणूस नोकरी सोडतो, हिंदीत राजीनामा करून दोन पक्ष भांडण मिटवितात. अशा घरातील मुले ‘मुलाला उत्तम शिक्षा द्या’ या वाक्यावर पोट धरून हसतात, कारण त्यांना दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. इंदूरच्या रस्त्यावरचे ‘भिया’ हे संबोधन तरुण मुले घरी आणतात. आजोबा आरंभी कपाळाला आठ्या घालतात आणि सहा महिन्यांनी दूधवाल्याला स्वतःच ‘भिया’ म्हणून हाक मारतात.

बेळगावकडील मराठी घरे कानडीच्या कुशीत वाढली. तेथे कोणी अक्का, अण्णा, अप्पा म्हटले तर ते शब्द उसने आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ते सबंध महाराष्ट्राचे झाले आहेत. तूप हा शब्द कानडीतील ‘तुप्प’चा सख्खा नातलग आहे आणि सुपारी कातरणारा अडकित्ता कानडीतील ‘अडके’ म्हणजे सुपारी या शब्दाची आठवण देतो. सरहद्दीच्या एखाद्या घरात ताटावर हात आडवा धरून कोणी ‘साकु’ म्हटले की वाढणारीचा हात थांबतो. ‘पुरे’ या शब्दात जी औपचारिकता आहे ती त्या कानडी शब्दात त्या घरापुरती नसते.

गोव्याची कथा निराळी आहे. तेथील असंख्य घरांत बोलणे कोकणीत आणि वाचन मराठीत, असा संसार फार पूर्वीपासून चालत आला. १५१० पासून १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलाने त्यात तिसऱ्या भाषेची भर घातली. खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, घरापुढील बैठकीच्या सोप्याला बाल्कांव, पहाटे पाव घेऊन येणाऱ्याला पोदेर, हे शब्द पंथाचा किंवा धर्माचा भेद न मानता घराघरांत शिरले. मात्र त्यांच्याकडे पाहून हसण्यापूर्वी इतर मराठी माणसांनी आपल्या घरात दृष्टी फिरवावी. चावी, बटाटा, कोबी, पगार, घमेले, पिंप, बिजागरी, लिलाव, फीत, काजू, अननस, पाव हे सर्व शब्द पोर्तुगीजांकडून आले. हापूस आंब्याचे नावही आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून पडले, आणि ‘नाताळ’ हा सणाचा शब्दही मूळचा पोर्तुगीजच. या शब्दांना वेगळे करून बाजूला ठेवावयाचे म्हटले, तर पुण्याच्या कर्मठ घरीदेखील त्या दिवशी बटाट्याची भाजी होणार नाही आणि कुलूपही उघडणार नाही.

देणेघेणे एकाच बाजूने झाले असेही नाही. हैदराबादच्या दखनी बोलीतील ‘नक्को’ हा शब्द मराठी ‘नको’वरून आला. बोलण्याला जोर आणणारा ‘च’ही दखनीने मराठीकडून घेतला, म्हणूनच तेथे ‘ऐसाइच’ ऐकू येते. ‘हल्लू’ म्हणजे मराठीचे ‘हळू’. हैदराबादेतील मराठी गृहिणी शेजारणीचा ‘नक्को’ ऐकते, तेव्हा तिच्याच पूर्वजांनी उसना दिलेला शब्द नव्या पोशाखात तिच्या दारी परत आलेला असतो. सावकारी येथे कोणाचीच चालत नाही. दोन्ही घरी एकमेकांच्या वाट्या असतात.

भाषा शुद्ध ठेवण्याचे प्रयत्न मराठीत जुने आहेत आणि त्यांमागील हेतूही आदरणीय आहेत. फारसी शब्दांऐवजी संस्कृत शब्द रूढ करण्यासाठी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांनी पुढे केलेले कित्येक शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. दुसऱ्या बाजूने, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधव त्र्यंबक पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, या प्रश्नाचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ या ग्रंथात विचार केला. परंतु घरातील पडदा, चादर, रुमाल, दरवाजा आणि दिवाणखाना हे शब्द जागचे हलले नाहीत. कचेरीतला शब्द हुकुमाने बदलतो. घरातला शब्द बदलण्यासाठी आजीची संमती लागते, आणि ती सहसा मिळत नाही.

एवढ्याने घरापुरते शब्द निर्दोष ठरतात असे मात्र नव्हे. त्यांच्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण शाळेत उभी राहते. सहा-सात वर्षांचे मूल निबंधात ‘आम्ही कदेलीवर बसलो’ किंवा ‘आईने शाक केले’ असे लिहिते. शिक्षकाने त्यावर नुसती फुली मारली, तर मुलाला वाटते की आपण चुकलो, आपली आई चुकली, आपले घरच चुकले. पुढे ते घरी कमी बोलू लागते किंवा आजीचे बोलणे चारचौघांत दडवू लागते. तोच शिक्षक जर म्हणाला, की हा तुझ्या घरचा शब्द आहे, तो छान आहे, पुस्तकात याला ‘खुर्ची’ म्हणतात, तर मुलाजवळ एका वस्तूचे दोन शब्द होतात. पहिल्या प्रकाराने मुलाची भाषा एका शब्दाने गरीब होते, दुसऱ्याने एका शब्दाने श्रीमंत होते. शिक्षकाला वेळ दोन्हीकडे सारखाच लागतो. प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून इंदूरचे पत्र पणजीला समजणार नाही. पण प्रमाण भाषा घरच्या भाषेच्या शेजारी बसवावयाची असते, तिच्या जागी नव्हे.

दुसरी अडचण घरात नव्याने येणाऱ्या माणसाची. घरापुरते शब्द जसे आतल्यांना एकत्र बांधतात, तसेच बाहेरच्याला बाहेर ठेवतात. नवी सून, जावई, सुटीत राहावयास आलेला भाचा, यांच्यासमोर सारे घर एखाद्या शब्दावर हसते आणि तेवढ्या क्षणापुरते ते माणूस परके होते. जुन्या काळी कित्येक मुली सासरचे हे शब्द मुकाट्याने, चुका करीत आणि टोमणे ऐकत शिकल्या, आणि माहेरचे शब्द त्यांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. ज्या घरी सुनेला शब्दाची गोष्ट सांगितली जाते आणि तिच्या माहेरचेही दोन शब्द मायेने उचलले जातात, त्या घरात ती लवकर रुळते. सून घरची झाली याची खूण हीच, की तिने आणलेला एखादा शब्द सासूच्या तोंडी सहज येतो.

या शब्दांचे आयुष्य फार थोडे असते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. छापील शब्द वापरातून गेला तरी कोशात राहतो. घरापुरता शब्द बोलणारी माणसे दोनचारच असतात. ती पांगली की तो क्षीण होतो आणि शेवटच्या माणसाबरोबर संपतो. वृद्ध दांपत्यातील एक गेले की मागे राहिलेल्याजवळ असे पन्नास शब्द उरतात, की जे आता कोणाशीच बोलता येत नाहीत. त्या एकटेपणाची गणना कोणत्याही दुःखात होत नाही, पण ते दुःख खरे असते.

परदेशात काही घरांनी ही जाण वेळीच ठेवली. इंग्लंडचा पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन आणि लॉर्ड लिटलटन हे साडू होते. १८३९ साली एकाच दिवशी दोघांचे विवाह ग्लिन घराण्यातील दोन बहिणींशी झाले. त्या घराण्यात खास शब्दांचे इतके पीक होते, की लिटलटनने १८५१ साली त्यांचा छोटा कोशच तयार केला. आरंभी तो थट्टेचा विषय असेल, पण त्यामुळे त्या घरचे बोलणे आजही वाचता येते. इटालियन लेखिका नाताल्या गिन्झबुर्ग हिचे ‘लेस्सिको फामिल्यारे’, म्हणजे घरची शब्दावली, हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला स्त्रेगा पारितोषिक मिळाले. तुरीनमधील तिचे घर फॅसिस्ट राजवटीत आणि युद्धात विस्कटले. तिचा पती १९४४ साली तुरुंगात मरण पावला. त्या साऱ्या वाताहतीत भावंडांना एकमेकांशी बांधून ठेवले ते वडिलांच्या रागावण्याच्या ठरावीक शब्दांनी आणि आईच्या पुन्हापुन्हा सांगितलेल्या वाक्यांनी, असे तिने त्या पुस्तकातून दाखविले.

मराठी घरांना हे काम अवघड नाही. एक साधी वही पुरते. शब्द, त्याचा अर्थ, तो प्रथम कोणी व कोणत्या प्रसंगी वापरला, आणि ठाऊक असल्यास तो कोणत्या भाषेतून आला, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. महाराष्ट्र शब्दकोशात शब्दांपुढे गोवा, कोकण, वऱ्हाड अशा प्रांतांच्या खुणा दिलेल्या आढळतात. घरच्या वहीत तीच रीत ठेवून शब्दापुढे ‘आजीचा’, ‘बडोद्याच्या मावशीचा’, ‘धाकट्याचा’ अशी खूण करावी. आता तर भ्रमणध्वनीवर आवाजही साठविता येतो, म्हणजे शब्दाबरोबर आजीचा हेलही राहील. कुटुंबातील माणसे एकमेकांना जे संदेश पाठवितात, त्यांत कित्येक घरगुती शब्द आयुष्यात प्रथमच लिहिले जात आहेत. ते कसे लिहावेत यावर बहीणभावांत वादही होतात, आणि तो वाद फार चांगला आहे.

ही वही भरण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावे. त्याने आजीपुढे बसून विचारावे, ‘आजी, तू याला असे का म्हणतेस?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा एका शब्दात येत नाही. त्यात एखादे सोडलेले गाव येते, एखादी कानडी किंवा गुजराती शेजारीण येते, एखादे लहानपणी गेलेले भावंड येते. मुलाच्या वहीत शब्द एकच उतरतो, पण त्याला त्याचे सारे घर समजते. मात्र हा प्रश्न विचारण्यास आजी असावी लागते. म्हणून वही पुढील सुटीत आणू, असे म्हणू नये.